झाड पाडण्याच्या आदल्या दिवशी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऊ जणांची टोळी, तीन चेनसॉ, विंच (तारेने ओंडके ओढणारं यंत्र) बसवलेला एक ट्रॅक्टर, मजुरी उक्त्यावर. गेल्या महिन्यात फांद्या छाटताना एकाच्या मांडीला साखळी लागली. ठेकेदार म्हणतो दिवसाचं लाकूड वाढवा, जंगलमालक म्हणतो ट्रॅक्टरने जमिनीची वाट लावली. तुम्ही विचारताय की माणसं, काम आणि जमीन यांपैकी आधी कशाकडे बघू, आणि हार्वेस्टर, म्हणजे झाड पकडून कापणारं आणि फांद्या छाटणारं मोठं यंत्र, घेतला तर तिन्ही कटकटी एकदम मिटतील का.

हार्वेस्टरचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर बाकीच्यावर अवलंबून आहे.

मी सव्वीस वर्षं या कामात आहे. त्यातली पहिली अकरा हातात करवत घेऊन गेली, नंतरची टोळ्या चालवण्यात आणि शिकवण्यात. तुम्ही मांडलेले तीन प्रश्न मला एकाच जागेवरून आलेले दिसतात. कोणतं झाड कुठे पडणार आणि कोणत्या वाटेने बाहेर जाणार, हे तुमच्याकडे करवत सुरू झाल्यावर ठरतंय. चुकीच्या अंगाला पडलेला एकच ओंडका घ्या. तो फिरवायला ट्रॅक्टर वाट सोडून आत येतो, तिथे जमीन दबते. ओढताना ओंडका वळणावर घासतो आणि शेजारच्या दोन उभ्या झाडांची साल निघते. तारेचा फास बसवणारा माणूस घाईत ताणलेल्या तारेच्या आतल्या कोनात उभा राहतो. या सगळ्यात वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात मोकळा झालेला पाडणारा 'हे एक उरकून घेतो' म्हणत जवळचंच झाड धरतो. जमीन, वेळ आणि जीव, तिन्ही त्या एका ओंडक्यापायी पणाला लागतात. म्हणून आधी कोणाकडे बघू या प्रश्नाला माझं उत्तर: आदल्या दिवशीच्या दोन तासांकडे बघा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर ठरतील, त्या इथून सांगता येत नाहीत. उतार किती, माती चिकट की मुरमाड, विरळणी करताय की सगळंच काढताय, खोडं सरळ की वाकडी, वाळलेली झाडं किती. वादळात पडलेलं जंगल साफ करत असाल तर हे उत्तर अर्धवटच समजा. तिथे खोडं एकमेकांवर ताणून पडलेली असतात, कोणतं कुठे उसळेल ते भल्याभल्यांना कळत नाही. स्वीडनमध्ये जानेवारी २००५ च्या गुड्रून वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं, आणि नंतरच्या साफसफाईत अनेक माणसं गेली. तसल्या जागी करवतीपेक्षा यंत्राने काम करावं आणि नवख्या माणसाला पाठवूच नये.

धोका किती मोठा आहे याचा एक आकडा ठेकेदाराला दाखवण्यापुरता देतो. अमेरिकेच्या २०२२ च्या सरकारी आकडेवारीत लाकूडतोड कामगारांमध्ये दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे सुमारे शंभर मृत्यू होते. सगळ्या धंद्यांची मिळून सरासरी ३.७. मरणाऱ्यांपैकी बहुतेकांना झाड, फांदी किंवा ओंडका लागलेला असतो. करवतीची जखम दिसायला भयंकर, पण जीव जास्त करून लाकूड घेतं. तुमच्या टोळीत मांडीला लागलं म्हणून सगळ्यांचं लक्ष करवतीकडे गेलंय. मी तुमच्या जागी असतो तर आधी वर बघायला शिकवलं असतं.

आता ते दोन तास. आदल्या दिवशी टोळीतला सर्वांत जाणता पाडणारा आणि ट्रॅक्टरवाला, दोघांनी मिळून कूप, म्हणजे तोडीसाठी ठरलेला जंगलाचा तुकडा, चालत पालथा घालायचा. दोघांनी, हे महत्त्वाचं. पाडणाऱ्याला वाटतं झाड सोयीने पडलं की झालं, ट्रॅक्टरवाल्याला वाटतं झाड नेमकं आडवंच का पाडलंय. एकत्र चालले की हे भांडण जमिनीवर झाड पडण्याआधी होऊन जातं. आधी ओढवाटा, म्हणजे ओंडके ओढून बाहेर न्यायच्या वाटा, ठरवायच्या आणि झाडांवर रंगाचे पट्टे मारायचे. वाट शक्यतो उताराच्या धारेवरून, ओहोळापासून लांब, वळणं कमी. ओहोळ ओलांडायचाच असेल तर एकाच ठिकाणी, काटकोनात, खाली ओंडके किंवा पाइप टाकून. उत्तर युरोपात हार्वेस्टरने विरळणी करतात तिथे साधारण चार मीटर रुंदीच्या वाटा वीस मीटरवर आखतात, कारण यंत्राचा हात सुमारे दहा मीटर पोचतो. तुमच्याकडे विंच आहे. तार पन्नास मीटरची असेल तर वाटा बऱ्याच लांब लांब ठेवता येतील, ट्रॅक्टर वाटेवरच उभा राहील आणि ओंडका त्याच्याकडे येईल. जंगलमालकाच्या तक्रारीचं निम्मं उत्तर यातच आहे.

मग वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं वाटेकडे तिरकी पडतील असं ठरवायचं, माशाच्या काट्यासारखी. बुंधा वाटेकडे की शेंडा, हे ओढायच्या पद्धतीवर. कोन साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला की ओंडका वळताना शेजारच्यांना घासत नाही. सगळी झाडं या आखणीत बसणार नाहीत. ज्या झाडाचा झोक उलटा आहे त्याला ओढून-ताणून वाटेकडे पाडायचा हट्ट धरू नका. त्याच्यावर वेगळी खूण करा आणि त्यासाठी विंचची तार लावून पाडायचं की सोडूनच द्यायचं ते तिथेच ठरवा. वेली असतील तर त्या आधी तोडून ठेवा, जमलं तर काही महिने आधी. दोन झाडांचे शेंडे वेलीने बांधलेले असले की एक पाडताना दुसऱ्याचा शेंडा तुटून खाली येतो, आणि तो नेमका कुठे येईल ते कोणी सांगू शकत नाही.

हा आखणीचा खर्च वसूल होतो का? ठेकेदार हेच विचारेल. ब्राझीलमध्ये पूर्व अॅमेझॉनातल्या पारागोमिनास भागात आखणी करून केलेली तोड आणि नेहमीची तोड शेजारी शेजारी ठेवून हिशेब मांडला गेला. आखणीवर खर्च जास्त झाला, पण ट्रॅक्टर कमी फिरला, पाडलेलं लाकूड जंगलात विसरून राहिलं नाही, आणि घनमीटरमागे एकूण खर्च सुमारे १२ टक्क्यांनी कमीच निघाला. मलेशियातल्या साबामध्ये १९९० च्या दशकात अशाच प्रयोगात मागे उभ्या राहिलेल्या झाडांचं नुकसान निम्म्याहून खाली आलं. दोन्ही ठिकाणचं जंगल मोठ्या झाडांचं, उष्ण प्रदेशातलं. तुमच्याकडे आकडा तोच येईल असं नाही. पण दिशा तीच राहील, हे मी माझ्या टोळ्यांवरून सांगतो. 'पाडलेलं लाकूड विसरून राहतं' हे वाचून हसू नका. मी एकदा एका संपलेल्या कुपात नुसता फिरलो, तर झुडपांत एका अख्ख्या ट्रकाचं लाकूड सापडलं. कोणी पाडलं ते कोणालाच आठवेना.

आता प्रत्यक्ष झाडापाशी. तुमच्या माणसांना पाडता येतं हे गृहीत धरतो, पण ज्या तीन गोष्टी मला जवळजवळ प्रत्येक टोळीत चुकलेल्या दिसतात तेवढ्याच सांगतो.

पहिली, खाच आणि बिजागरी. पडायच्या दिशेला आधी तोंडाची खाच, मग मागून काप, आणि मधे न कापलेली लाकडाची पट्टी, तिला आम्ही बिजागरी म्हणतो. झाड तिच्यावर दरवाजासारखं फिरतं. तिची लांबी खोडाच्या व्यासाच्या ८० टक्के आणि जाडी साधारण १० टक्के असावी. म्हणजे पन्नास सेंटीमीटरच्या खोडाला पाच सेंटीमीटर, दोन्ही टोकांना सारखी. उक्त्यावर काम करणारा पाडणारा ही पट्टी जवळजवळ पूर्ण कापून टाकतो, कारण झाड लवकर पडतं. पट्टी गेली की दिशाही गेली. खाच उथळ आणि चिंचोळी ठेवली तर झाड अर्ध्यावर आलं की खाचेचं तोंड मिटतं, बिजागरी अकाली तुटते आणि उरलेला प्रवास झाड आपल्या मर्जीने करतं. खाच ७० ते ९० अंश उघडी ठेवा, झाड जमिनीला टेकेपर्यंत हातात राहतं. दिवस संपल्यावर बुंधे बघत फिरा. माझा सगळा तपास बुंध्यांवर चालतो. बुंध्यावर बिजागरीचे उभे तुटलेले तंतू एका रेषेत दिसले तर माणूस शांत होता. एका बाजूला तंतू आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत काप दिसला तर समजा झाड फिरलं होतं, आणि माणूस नशिबाने घरी गेला.

जास्त झोक असलेल्या झाडाला मागून सरळ काप घेऊच नका. खोड उभं चिरत जातं आणि मागची फाळ घोड्याच्या लाथेसारखी वर येते. अशा झाडाला आधी खाच, मग करवतीचं टोक खोडात घुसवून बिजागरी तयार करायची, मागे थोडं लाकूड धरून ठेवायचं आणि शेवटी तेवढंच तोडायचं. टोक घुसवायचं म्हणजे पात्याच्या टोकाच्या खालच्या भागाने सुरुवात. वरच्या चतुर्थांशाने लाकूड टोचलं की करवत तोंडाकडे उसळते. ज्याला हे येत नाही त्याने झुकलेलं झाड पाडू नये, शिकून घ्यावं.

दुसरी गोष्ट, पळवाट. झाड पडायच्या दिशेच्या उलट, मागे तिरकं, साधारण पंचेचाळीस अंशांवर. झुडपं तोडून ती आधीच मोकळी करायची. झाड हललं की करवत सोडून जायचं, चालत, पण ठाम पावलांनी, आणि नजर शेंड्यावर. सरळ मागे उभं राहायचं नाही, कारण बुंधा मागे उसळतो. आणि झाड पडल्यावर लगेच परत यायचं नाही. शेजारच्या झाडांत अडकलेल्या तुटक्या फांद्या काही क्षण तशाच लटकतात आणि मग पडतात. मी स्वतः एकदा पडलेल्या झाडाकडे दोन पावलं टाकली आणि बूट मातीत रुतला म्हणून थांबलो. मनगटाएवढी वाळकी फांदी माझ्या पुढे हातभर अंतरावर उभी घुसली. तेव्हापासून मी मनात वीसपर्यंत मोजतो. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांना ती सवय लागलीय, आणि काहीजण ती जेवायला बसतानाही करतात, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

तिसरी, अडकलेलं झाड. दुसऱ्या झाडाच्या फांदीत शेंडा अडकला, झाड अर्धवट तिरकं राहिलं. इथे माणसं डोकं चालवायला जातात आणि मरतात. ज्यात अडकलंय तेच झाड पाडणं, वर दुसरं झाड पाडून ते सोडवणं, त्याच्यावर चढणं, त्याच्या खाली जाऊन बुंध्याचे तुकडे पाडणं, चारही गोष्टींना माझ्याकडे बंदी आहे. विंचने बुंध्याला मागे ओढून काढायचं. विंच मोकळा नसेल तर झाडाभोवती पट्टी बांधायची, सगळ्यांना सांगायचं आणि दुसरीकडे जायचं. 'पाच मिनिटांत सोडवतो' म्हणणारा माझा एक सहकारी तीन महिने पलंगावर होता, आणि ते मी समोर उभा राहून पाहिलं होतं. तेव्हा मी त्याला अडवलं नाही, कारण दिवसाचं लाकूड कमी पडत होतं आणि मलाही घाई होती.

यातून अंतराचा नियम आलाच. दोन पाडणाऱ्यांमध्ये, आणि पाडणारा व इतर कोणीही यांच्यामध्ये, किमान दोन झाडांच्या उंचीइतकं अंतर. अमेरिकेच्या नियमांतही हेच आहे, आणि उतारावर मी त्याहून जास्त ठेवतो, कारण ओंडका गडगडतो. उतारावर एकाच्या खाली दुसरा कधीच नाही. तुमच्याकडे पाडणारे आणि ओढणारे एकाच ठिकाणी गुंतलेले दिसतात. कूप दोन भागांत करा: आज 'अ' मध्ये पाडायचं, 'ब' मधून ओढायचं, उद्या उलट. पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतात. नंतर त्यांना कळतं की एकमेकांची वाट बघणं संपलं. मी एकदा घड्याळ आणि वही घेऊन एका टोळीबरोबर दिवसभर बसलो होतो. आठ तासांत एका पाडणाऱ्याची करवत प्रत्यक्ष लाकडात होती ती दोन तासही नव्हती. बाकी वेळ चालणं, थांबणं, ओरडून विचारणं, इंधन आणायला परत जाणं. लाकूड वाढवायचं असेल तर हात जोरात चालवून वाढत नाही. वाढण्याची जागा त्या सहा तासांत आहे.

तुमच्या माणसाच्या मांडीकडे येऊ. फांद्या छाटताना खोड आपल्या आणि पात्याच्या मधे ठेवायचं, करवत शक्यतो खोडावर टेकवून सरकवायची, आणि पाऊल टाकताना पातं खोडाच्या पलीकडे असायला हवं. पाऊल आणि काप एकाच वेळी नको. पण चूक होणारच, म्हणून संरक्षक पँट. तिच्या आत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. या पँटचे वर्ग साखळीच्या वेगावर ठरतात: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. पात्यावर हिसका लागला की साखळी थांबवणारा ब्रेक तुमच्या तिन्ही करवतींना चालू आहे का, ते आजच तपासा. अनेक ठिकाणी तो आडवा येतो म्हणून काढून ठेवलेला सापडतो. एकदा कापली गेलेली पँट शिवून परत वापरायची नाही. विजेच्या करवती वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यांचा जोर वेगळा असतो, तंतूंनी त्या तितक्या हमखास थांबत नाहीत. हेल्मेट, कानांची टोपणं, जाळीचा पडदा, पोलादी टोकाचे बूट हे सगळं आलंच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

धार मात्र वेगळी लिहितो, कारण ती कोणी गांभीर्याने घेत नाही. दिवसातून दोनदा खाली वाकून भुसा हातात घ्या. चौकोनी, जाडसर कपच्या असतील तर साखळी धारदार आहे. पिठासारखी भुकटी असेल तर ती कापत नाही, घासतेय. मग माणूस जोर लावतो, पातं एका बाजूला ओढतं, काप तिरका जातो, बिजागरी वाकडी होते, इंधन जास्त जळतं आणि हातांना कंप वाढतो. हा कंप वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसांची बोटं थंडीत पांढरी पडतात, संवेदना जाते, आणि ती परत येत नाही. युरोपात आठ तासांच्या कामासाठी हाताच्या कंपाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवलेली आहे, आणि २.५ पासूनच उपाय सुरू करावे लागतात. कंप शोषणाऱ्या रबरांना भेगा पडल्यात का तेही बघा. दर वेळी इंधन भरताना दोन-तीन मिनिटं कानस. दातांची लांबी दोन्ही बाजूंना सारखी. दातांपुढची खोली ठरवणारी पट्टी जास्त घासून 'जोरात कापते' म्हणणारे असतात. तशी साखळी उसळते.

आता जमीन. मालकाची तक्रार खरी आहे, आणि ती दिसते त्याहून खोल आहे. ट्रॅक्टर पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक दाब देऊन टाकतो. दहाव्या फेरीने त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून 'एकाच जागी चिखल झालाय, जरा बाजूने जाऊ' हा सर्वांत वाईट निर्णय. बाजूने गेलात की नवी जमीन दाबली. मातीतली हवेची पोकळी बंद होते, पाणी मुरत नाही, वाहून जातं, मुळं खाली जात नाहीत. चिकट मातीत हे पूर्ववत व्हायला दशकं लागतात. ठरलेल्या वाटेवरच फिरा, आणि छाटलेल्या फांद्या त्याच वाटेवर आडव्या अंथरत जा. फांद्यांची गादी चाकाखाली असली की भार पसरतो. ओंडक्याचं पुढचं टोक उचलून ओढा, नांगरासारखं मातीत घालून नको. ट्रॅक्टरच्या मागे विंचची पट्टी असेल तर तेवढं उचलणं जमतं.

आणि ओल. सकाळी वाटेवरची चिमूटभर माती तळव्यांमध्ये वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण तीन मिलिमीटरची वात न तुटता वळली गेली तर माती अजून लवचिक आहे, ट्रॅक्टर घालू नका. भुगा झाला तर चला. पाऊस पडून गेल्यावर ठेकेदाराशी भांडायला हा पुरावा बरा पडतो. शब्दाला शब्द लागत नाही. अशा दिवशी पाडकाम चालू ठेवता येतं, धार लावणं, वाटा आखणं, विंचची तार तपासणं ही कामंही असतात. वाट उतारावरून असेल तर काम संपताना तिच्यावर तिरपे उथळ चर काढा, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूच्या झाडोऱ्यात जाईल. हे शेवटच्या दिवशी कोणी करत नाही, कारण सगळ्यांना पुढच्या जागेची घाई असते. बिलाचा शेवटचा हप्ता चरांवर अडकवा, मग करतात.

साखळीच्या तेलाचा विचार कोणी करत नाही. ते परत येत नाही, टाकीत भरलेलं सगळंच्या सगळं जंगलात आणि भुशात जातं. म्हणून वनस्पतीजन्य, विघटन होणारं तेल वापरा, जळकं इंजिन ऑइल कधीच नको. इंधन भरणं ओहोळापासून लांब, एकाच ठरलेल्या जागी, खाली ताडपत्री.

मजुरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी बोलतो. उक्त्यावर पैसे देऊन 'सावकाश, सांभाळून' असं सांगणं म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने थांबवायचं. स्वीडनच्या जंगल कामगारांनी १९७५ मध्ये याच मुद्द्यावर मोठा संप करून ठरावीक पगार मिळवला, आणि त्यानंतर अपघात घटल्याचं तिथल्या अभ्यासांनी दाखवलं. तुम्हाला एकदम पगारावर जाता येणार नाही, हे समजतं. मी मधला मार्ग वापरतो: मोठा भाग रोजाचा, छोटा भाग साऱ्या टोळीच्या मिळून कामावर, आणि त्या छोट्या भागात वाटेवर राहणं, बुंधे नीट असणं, उभ्या झाडांना जखमा नसणं यांचा हिशेब. एकेकट्याच्या घनमीटरवर पैसे कधीच नाहीत. त्याने माणूस आपल्या सोबत्याकडे बघायचंच सोडतो.

आता हार्वेस्टर. पाडणारा माणूस पोलादी केबिनमध्ये बसला की झाड लागून मरण्याची शक्यता खूप कमी होते, यात वाद नाही. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात झाडं पकडून कापणारी यंत्रं वापरू लागलेल्या कंपन्यांत जखमींचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं होतं. पण तुमचे अर्धे प्रश्न यंत्र सोडवत नाही, काही नवे आणतं. चाकांच्या यंत्राला साधारण तीस-पस्तीस टक्क्यांच्या चढापर्यंतच निवांत काम करता येतं, त्यापुढे उलटण्याची भीती. यंत्राची साखळी तुटली की तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून केबिनची काच खास जाड हवी आणि पात्याच्या रेषेत कोणीही उभं राहायला नको. चालकाला दहा तास एका जागी बसून मान-खांद्यांचं दुखणं लागतं. यंत्राचं वजन जास्त, म्हणजे वाटा आणि फांद्यांची गादी आणखी महत्त्वाची. आणि हे यंत्र वर्षभर भरपूर, सलग, एकसारख्या जाडीचं लाकूड मागतं. तुकड्या-तुकड्यांत काम करणाऱ्या नऊ जणांच्या टोळीला ते हप्त्यांनी चेपून टाकेल, आणि हप्ते भरायला तुम्ही ओल्या मातीत यंत्र घालाल. आधी सहा महिने आखणी करून बघा. त्यात सलग, सपाट, एकसारखं काम किती आहे ते वहीत येईल. पुरेसं असलं तर त्या भागापुरतं यंत्र भाड्याने आणा. उतारावर तुमची माणसं आणि विंचच बरा.

एक गोष्ट यंत्र असो वा नसो, उद्याच करा. जिथे काम चालू आहे तिथून रुग्णवाहिका येईल त्या रस्त्यापर्यंतची वाट आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश एका पुठ्ठ्यावर लिहून ट्रॅक्टरमध्ये टांगा. फोन लागतो ती जागा रंगाने दाखवा. प्रत्येक पाडणाऱ्याच्या खिशात मोठी दाबपट्टी आणि टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), पेटीत नको, खिशात. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर पेटी आणायला जाण्याइतका वेळ मिळत नाही. टोळीतल्या निदान चौघांना ती बांधता आली पाहिजे, म्हणजे बांधता येणारा एकटाच माणूस जखमी झाला असं होणार नाही. एकट्याने कोणीही पाडायचं नाही. एकमेकांना ऐकू येईल किंवा दिसेल एवढ्यातच राहायचं.

तुमच्या कुपाचा उतार, खोडांची साधारण जाडी आणि विंचच्या तारेची लांबी कळवलीत तर ओढवाटा किती अंतरावर ठेवायच्या ते नेमकं सांगता येईल. पहिल्या दिवशीच्या आखणीचा कागद हाताने काढलेला असला तरी चालेल, त्यावर उलट्या झोकाची झाडं मात्र दाखवा.